घरी फुलांचं परफ्यूम: बरणीतल्या पाकळ्या का फसतात आणि सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न असा आहे: गुलाबाच्या पाकळ्या आणि मोगऱ्याची फुलं बरणीत भरली, वर औषधी स्पिरिट ओतलं, आठवडाभर रोज हलवलं. गाळल्यावर हाती आलं तपकिरी पाणी आणि त्याला वाळक्या गवताचा वास. कुठे चुकलं, आणि नवख्या माणसाने घरी फुलांचं परफ्यूम नेमकं करायचं कसं?

तुमच्या हातून काही राहिलेलं नाही. या पद्धतीतून दुसरं काही निघतच नाही. बरीच वर्षं मी हे काम करते आणि शिकवते, आणि शिकायला येणारे जवळजवळ सगळे याच बरणीपासून सुरुवात करून आलेले असतात. त्यामुळे आधी कारण सांगते. ते कळलं की पुढची निम्मी वाट मोकळी होते.

ताज्या पाकळीत दहातले आठ-नऊ भाग पाणी असतं. ते स्पिरिटमध्ये उतरतं, स्पिरिट पातळ होतं, आणि पातळ झालेलं स्पिरिट पाकळीतला रंग, साखर, टॅनिन असं सगळं ओढून घेतं. तुम्हाला आलेला वाळक्या गवताचा वास या सगळ्याचा आहे. सुगंधी तेलही त्यात उतरतं, पण किती? दमास्क जातीच्या गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण ३ ते ५ टन फुलं लागतात. म्हणजे किलोभर फुलांमागे पाव ग्रॅमच्या आसपास तेल. तुमच्या बरणीत पन्नास ग्रॅम पाकळ्या असतील, तर त्यातलं तेल जेमतेम ग्रॅमचा शंभरावा हिस्सा भरेल, आणि तेही एवढ्या स्पिरिटमध्ये पसरलेलं. त्यात तुमचा गुलाब शोभेच्या जातीचा असेल तर तेवढंही नाही.

मोगऱ्याचं गणित वेगळं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. गुलाब किंवा लॅव्हेंडर खुडलं की त्याच्यात असलेला गंध तेवढाच. त्यात पुढे भर पडत नाही. मोगरा, जाई, निशिगंध ही फुलं मात्र खुडल्यावरही कित्येक तास गंध तयार करत राहतात. संध्याकाळी खुडलेली मोगऱ्याची घट्ट कळी रात्री वाटीत उमलते आणि खोली भरून टाकते, तो गंध खुडताना कळीत नव्हताच. अशी कळी स्पिरिटमध्ये बुडवली की ती तत्क्षणी मरते आणि पुढे जे तयार होणार होतं ते होत नाही. म्हणून गुलाबाचं तेल ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेबरोबर वर नेऊन ती वाफ थंड करून काढतात, आणि मोगऱ्याला जिवंत ठेवून त्याचा गंध चरबीत मुरवायची जुनी पद्धत आहे. ही दुसरी पद्धत घरी करता येते, तिच्याकडे पुढे येते.

त्याआधी एक गोष्ट नीट ऐका. ते स्पिरिट अंगाला लावू नका, टाकून द्या. औषधी स्पिरिट कधी आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, कधी मिथेनॉल मिसळून पिण्यालायक न ठेवलेलं इथेनॉल. आयसोप्रोपिलचा स्वतःचाच उग्र वास कुठल्याही फुलाला मारून टाकतो. मिथेनॉल तर विष आहे. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जातं. परफ्यूमसाठी लागतं ते ९५-९६ टक्क्यांचं इथेनॉल, किंवा परफ्यूमसाठी म्हणूनच विकलं जाणारं विकृतीकृत (पिता येऊ नये म्हणून काही मिसळलेलं) इथेनॉल, ज्याच्या लेबलवर काय मिसळलंय ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ते मिळत नसेल तर तेलात काम करा, पण हाताला लागेल ते स्पिरिट वापरू नका. इथेनॉलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. गॅस, निरांजन, उदबत्ती, काहीही जळत असलेल्या खोलीत बाटली उघडायची नाही.

आता मुख्य मुद्दा. फुलातून गंध काढणं हे एक काम आणि वेगवेगळे गंध जुळवून परफ्यूम रचणं हे दुसरं. दोन्ही कामं मोठी आहेत. नवखा माणूस पहिल्या कामाला हात घालतो, ते फसतं, आणि दुसऱ्याची गोडी लागायच्या आतच नाद सुटतो. माझा सल्ला उलटा आहे: आधी तयार तेलं आणि घटक घेऊन रचायला शिका. गंध काढण्याची हौस मोगऱ्याच्या हंगामात भागवा. मग दोन्ही एकाच बाटलीत आणता येतात.

रचनेसाठी सुरुवातीला आठ-दहा घटक पुरेत. यापेक्षा जास्त घेतले की नाक गोंधळतं आणि पैसेही जातात. फुलांच्या परफ्यूमसाठी मी देते ती यादी अशी: बर्गमॉट (लिंबाच्या कुळातल्या फळाच्या सालीचं तेल), जिरेनियम, इलंग-इलंग (एका गोड वासाच्या फुलाचं तेल), मोगऱ्याचं ॲब्सोल्यूट (म्हणजे फुलातला गंध द्रावकात विरघळवून काढलेला दाट अर्क; अगदी थोडं, ते महाग असतं), चंदन, वाळा, आणि प्रयोगशाळेत तयार होणारे तीन घटक: फेनिलइथाइल अल्कोहोल, बेंझिल ॲसिटेट आणि हेडिओन.

शेवटची तीन नावं वाचून पुष्कळ जण मागे सरकतात. ‘मला नैसर्गिकच करायचंय’ हे मी कायम ऐकते आणि त्या इच्छेचा मला आदर आहे. पण हे घटक कुठून आले ते बघा. फेनिलइथाइल अल्कोहोल गुलाबाच्या पाकळीत मुबलक असतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून ऊर्ध्वपातनात बहुतेक सगळं गुलाबपाण्यात निघून जातं आणि तेलात जेमतेम उरतं. म्हणूनच चांगलं गुलाबपाणी हुंगलं की ताजी पाकळी आठवते आणि महागडं गुलाबतेल मात्र जरा मसालेदार, मधाळ वाटतं. बेंझिल ॲसिटेट हा मोगऱ्या-जाईच्या गंधातला एक प्रमुख घटक. हेडिओन हा जाईत सापडणाऱ्या मिथाइल जास्मोनेटचा जवळचा नातलग; १९६६ साली ‘ओ सोवाज’ या परफ्यूममध्ये त्याचा वापर गाजला आणि मग तो सगळीकडे पोहोचला. बाटलीतून हुंगाल तर ‘यात काय आहे?’ असं वाटेल इतका तो सौम्य आहे. पण मिश्रणात घातला की फुलं मोकळी होतात, त्यांच्यामधून हवा खेळायला लागते. नवख्या हाताची फुलं गच्च, चिकट होतात ती बहुधा याच्या अभावी.

केवळ नैसर्गिकच करायचं ठरवलं असेल तर गुलाबाचं ॲब्सोल्यूट घ्या. ते ऊर्ध्वपातनाने काढत नाहीत, द्रावकाने काढतात, त्यामुळे त्यात फेनिलइथाइल अल्कोहोल निम्म्याहून अधिक असतं आणि पाकळीचा गंध टिकतो. खर्च मात्र बराच वाढेल. आणि काही फुलं या वाटेने मिळणारच नाहीत हे धरून चाला. लिली ऑफ द व्हॅली, लायलॅक यांचं वापरण्याजोगं तेल निघतच नाही; बाजारातली त्यांची सगळी परफ्यूम जुळवून केलेली असतात.

साहित्य आलं की लगेच मिसळायला बसू नका. प्रत्येक घटकाचं दहा टक्क्यांचं द्रावण करा: एक ग्रॅम घटक, नऊ ग्रॅम इथेनॉल, लहान गडद बाटली, लेबल. थेंब मोजू नका. चंदनाचा जाड थेंब आणि बर्गमॉटचा पातळ थेंब यांच्या वजनात बराच फरक असतो, आणि उद्या ड्रॉपर बदलला की तुमचा नुसखा बदलला. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. या छंदात मी सगळ्यात आधी घ्यायला लावते ती वस्तू हीच.

मग जाड शोषक कागदाच्या पट्ट्या कापा, टोक द्रावणात बुडवा, वर घटकाचं नाव आणि वेळ लिहा. लगेच हुंगा, पाव तासाने हुंगा, तासाने, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी. जे वाटेल ते वहीत लिहा, शब्द कसेही असोत. बर्गमॉट तासा-दोन तासांत उडून गेलेलं दिसेल. जिरेनियम दुपारपर्यंत रेंगाळेल. वाळा दुसऱ्या दिवशीही पट्टीवर ठाण मांडून असेल. टॉप, मिडल आणि बेस नोट म्हणतात ते हेच. कोणाच्या तक्त्यावरून पाठ करण्यापेक्षा ते स्वतःच्या पट्टीवर बघितलेलं पक्कं बसतं. नाक थकलं की बाहेर मोकळ्या हवेत जा किंवा स्वतःच्या कोपराचा वास घ्या. एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त घटक नकोत.

मोगऱ्याच्या ॲब्सोल्यूटशी विशेष ओळख करून घ्या. नुसतं हुंगलं तर ते जड, काहीसं जनावराच्या वळणाचं, थोडं डांबरगोळ्यांकडे झुकणारं वाटेल आणि फसवणूक झाली असं मनात येईल. तो वास इंडोल नावाच्या घटकाचा, जिवंत मोगऱ्यातही तो असतोच. त्याचं दहा टक्क्यांचं द्रावण आणखी पातळ करून एक टक्क्यावर आणून बघा. तीच गोष्ट उमलते, रात्रीच्या फुलासारखी होते. फुलांच्या गंधात विरलेपणाला केवढं महत्त्व आहे ते या एका प्रयोगाने कळतं. तो मी पहिल्याच दिवशी करायला लावते.

आता पहिला नुसखा. शंभर भागांत मांडायचा तर हेडिओन ३५, फेनिलइथाइल अल्कोहोल २०, चंदन १८, बर्गमॉट १०, बेंझिल ॲसिटेट ६, मोगरा ॲब्सोल्यूट ४, इलंग-इलंग ३, जिरेनियम ३, वाळा १. यातून गुलाबाची किनार असलेला, हलका, पांढऱ्या फुलांचा गंध येतो.

२० ग्रॅम परफ्यूम करू, त्यात १५ टक्के सुगंध ठेवू. म्हणजे सुगंधी घटक ३ ग्रॅम आणि इथेनॉल १७ ग्रॅम. भरल्यावर साधारण २४ मिली होईल. एक भाग म्हणजे ०.०३ ग्रॅम. त्या हिशेबाने हेडिओन १.०५ ग्रॅम, फेनिलइथाइल अल्कोहोल ०.६०, चंदन ०.५४, बर्गमॉट ०.३०, बेंझिल ॲसिटेट ०.१८, इलंग-इलंग आणि जिरेनियम प्रत्येकी ०.०९. वाळ्याचे ०.०३ ग्रॅम काट्यावर अचूक घेणं अवघड आहे. एक थेंब इकडेतिकडे झाला तर सगळा गंध मातकट होईल. म्हणून त्याचं दहा टक्क्यांचं द्रावण ०.३० ग्रॅम घ्या. मोगऱ्याचंही तसंच, ०.१२ ऐवजी द्रावण १.२० ग्रॅम. या दोन्हींबरोबर १.३५ ग्रॅम इथेनॉल आधीच आलं, तेव्हा वरून घालायचं उरतं १५.६५ ग्रॅम. आधी चंदन, वाळा यांसारखे जड घटक, मग फुलं, शेवटी बर्गमॉट, आणि मग इथेनॉल. प्रत्येक घटक घातला की काट्यावरचा आकडा लगेच वहीत.

बर्गमॉटबद्दल एक इशारा. साल दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि डाग महिनोन् महिने राहतात. इंटरनॅशनल फ्रॅग्रन्स असोसिएशन म्हणजे इफ्राच्या मानकानुसार कातडीवर राहणाऱ्या वस्तूत असं तेल ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्या नुसख्यात ते १५ टक्क्यांचे दहा टक्के, म्हणजे १.५ टक्के येतं. म्हणून बर्गाप्टेन काढून टाकलेलं बर्गमॉट घ्या. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. कुठलाही नवा घटक घेताना हाच गुणाकार करायची सवय लावा: मिश्रणात किती टक्के, आणि मिश्रण बाटलीत किती टक्के.

मिसळल्याबरोबर हुंगलं तर स्पिरिटच नाकात जाईल आणि घटक सुटे सुटे वाटतील. झाकण घट्ट लावून बाटली अंधाऱ्या, थंड जागी निदान तीन आठवडे ठेवा. या काळात धार कमी होते आणि गंध एकमेकांत बसतात. मग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून थंड असतानाच कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. ॲब्सोल्यूटमधलं मेण कागदावर राहतं. पाणी घालू नका. गुलाबपाणी घातलं की तेलं सुटून परफ्यूम दुधाळ होतं, आणि हे फार जण हौसेने करतात.

अंगाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट बघा. खाज, लाली आली तर ते फक्त कपड्यांवर, आधी आतल्या शिवणीवर डाग पडतो का बघून.

तेलात करायचं असेल तर होहोबा घ्या. ते खरं तर द्रवरूप मेण आहे, त्यामुळे लवकर खवट होत नाही. गंध अंगाच्या जवळ राहतो, दूर पसरत नाही, आणि बर्गमॉटची पहिली झुळूक जवळजवळ जाणवत नाही. डबीतलं घट्ट परफ्यूम हवं असेल तर एक भाग मधमाश्यांचं मेण आणि तीन भाग होहोबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा आणि जरा निवल्यावर सुगंध घाला.

आता मोगरा. फ्रान्समधल्या ग्रास गावात लाकडी चौकटीत काच बसवून तिच्यावर शुद्ध केलेली चरबी फासायचे आणि तीवर रोज नवी फुलं पसरायचे. या पद्धतीला आंफ्लराज म्हणतात. तीळ आणि फुलं यांचे थर लावून, मग ते तीळ घाण्यात पिळून सुगंधी तेल काढण्यामागेही तत्त्व तेच: स्निग्ध पदार्थ फुलाने सोडलेला गंध धरून ठेवतो.

घरी यासाठी झाकणाची पसरट काचेची डबी पुरते. स्निग्ध पदार्थ पूर्ण बिनवासाचा हवा. रिफाइंड खोबरेल चालतं, पण ते २४ अंशांच्या आसपास वितळतं. उकाडा असेल तर फुलं त्यात बुडतील, मग बिनवासाचं वनस्पती तूप बरं. २०० ग्रॅम घ्या, अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्या, काट्याच्या चमच्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा म्हणजे गंध धरायला पृष्ठभाग वाढतो. कळ्या संध्याकाळी, उमलायच्या बेतात असताना खुडा. त्यांच्यावर दव किंवा पाण्याचा थेंब नको. ओल आत गेली की तिथून बुरशी सुरू होते आणि आठवड्यांची मेहनत वाया जाते. हिरवा देठ आणि पाकळ्यांखालचा हिरवा भाग काढून टाका, त्याचाही वास उतरतो. फुलं तोंड खाली करून, एकमेकांना चिकटू न देता मांडा आणि झाकण लावा.

चोवीस तासांनी ती चिमट्याने उचला. कडा तपकिरी व्हायच्या आत उचलायची, नाहीतर कुजका वास मुरतो. लगेच नवी मांडा. निशिगंध दोन-तीन दिवस ठेवता येतो, तो खुडल्यावरही बराच काळ गंध देत राहतो. ग्रासमध्ये जाईची फुलं तीसेक वेळा बदलत. घरी पंधरा-वीस वेळा बदललीत तरी डबी उघडताच फरक कळेल. चार-पाच वेळांत काही हाती लागत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे मधेच सोडणार नाही. फुलं कमी मिळत असतील तर चरबी कमी घ्या, खेपा कमी करू नका.

चरबी पुरेशी गंधाळली की ती बरणीत काढा, तेवढ्याच वजनाचं इथेनॉल घाला, आणि बरणी कोमट पाण्यात धरून चरबी मऊ करा. विस्तव जवळ नको, पाणी दुसऱ्या खोलीत तापवून आणा. रोज दोन-तीनदा जोरात हलवत आठवडा-दहा दिवस ठेवा. मग रात्रभर फ्रीजरमध्ये: चरबी घट्ट बसते, वर गंध घेतलेलं इथेनॉल राहतं. ते थंड असतानाच गाळा. रंग फिकट असेल आणि तीव्रताही फार नसेल, पण तो गंध ताज्या मोगऱ्याचा असेल, ॲब्सोल्यूटच्या बाटलीत न मिळणारा.

एवढ्यावर ते परफ्यूम म्हणून टिकत नाही, तासाभरात उडतं. वरच्या नुसख्यातलं १५.६५ ग्रॅम इथेनॉल ज्या जागी घालायचं, तिथे हे घाला. तळाशी चंदन आणि वाळा, मधे हेडिओनने मोकळी केलेली फुलं, आणि या सगळ्यातून तुमच्या झाडाचा मोगरा.

बर्गमॉट आणि लॅव्हेंडर यांसारखी तेलं हवा लागून बिघडतात आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त त्रास देतं. म्हणून लहान, भरलेल्या बाटल्यांत, फ्रीजमध्ये, उघडल्याची तारीख लिहून ठेवा. मांजर पाळलं असेल तर ही सगळी साठवण आणि काम त्याच्यापासून दूर. मांजराच्या यकृताला यांतले बरेच घटक नीट पचवता येत नाहीत.

पहिली बाटली तयार झाली की तिच्यात फेरफार करू नका, तशीच ठेवा. दुसरी करताना एकच अदलाबदल करा. चंदन १८ वरून १२ वर आणा आणि ते सहा भाग हेडिओनला द्या. किंवा मोगरा ४ वरून २ वर आणून इलंग-इलंग ५ करा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून एका पट्टीवर एक, दुसऱ्या पट्टीवर दुसरी, अशा तासातासाने हुंगा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. आवडलेली बाटली संपायच्या आत तिचं वहीतलं पान पुन्हा एकदा काट्यावर तपासून बघा.